चढ रोजचा, गिअर एकच

गेल्या अंकात पावसाळ्यातल्या ब्रेकबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : बिनगिअरची सायकल जड जात असेल तर पायांना दोष देण्याआधी दाते मोजा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी ब्रेक, पंक्चर सगळं बाजूला ठेवून दात्यांचंच बोलू.

उत्तरांआधी सगळ्यांसाठी एक गोष्ट. पुढच्या चेनव्हीलच्या (पायडलजवळच्या दातेरी चक्राच्या) दात्यांना मागच्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या, पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राच्या) दात्यांनी भागलं, की पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक किती वेळा फिरतं ते कळतं. त्याला चाकाच्या परिघाने गुणलं, की एका फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाते ते निघतं. दुकानात मी हाच मीटरचा आकडा धरून बोलतो, कारण नुसत्या दात्यांवरून फसगत होते. तेच ४४ आणि १८ दाते जुन्या २८ इंची चाकावर जड लागतात आणि २६ इंचीवर हलके. साधारण ५ मीटरची सायकल हलकी, साडेपाचची मधली, ६ च्या पुढची जड.

गणित नको असेल तर खडू घ्या. एक पायडल बरोबर खाली आणा, मागच्या चाकाखाली रेघ मारा आणि सायकल सरळ मागे ढकला. मागे ढकलताना फ्रीव्हील मोकळं फिरत नाही, त्यामुळे पायडलही उलटं फिरत येतं. तेच पायडल पुन्हा खाली आलं की थांबा, चाकाखाली दुसरी रेघ मारा आणि दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजा.

प्रश्न : मी कोथरूडला राहतो, ऑफिस बावधनला. सहा महिन्यांपूर्वी नवी सिंगल स्पीड सायकल घेतली. पुढे ४६ दाते, मागे १६, टायर ७०० बाय ३२. सपाटीला मजा येते, पण सकाळी चांदणी चौकाचा चढ आणि संध्याकाळी बावधनकडून तोच चौक, दोन्ही वेळा उभं राहून पायडल मारावं लागतं. आता उजवा गुडघा कुरकुरतो आहे. माझं वजन ६८ किलो. सवयीने जमेल की सायकल बदलू?

उत्तर : सायकल बदलू नका, आणि सवयीची वाट तर मुळीच बघू नका. तुमच्या पत्रात सगळे आकडे आहेत, म्हणून तुमचं गणित पूर्ण मांडतो. इतर वाचकांनी त्यात आपापले आकडे घालावेत.

तुमच्या टायरचा परीघ साधारण २.१५ मीटर. ४६ भागिले १६ म्हणजे पावणेतीनच्या थोडं वर. एका फेऱ्यात तुम्ही ६.२ मीटर जाता. मिनिटाला ८० फेरे मारले तर ताशी जवळजवळ ३० किलोमीटर होतात. आता मला सांगा, पौड रोडवर सकाळी नऊ वाजता ताशी ३० ने जायला रस्ता कुठे मिळतो? ज्या वेगासाठी हा गिअर बनला आहे, तो वेग तुमच्या वाटेवर जवळपास नाहीच. चढ मात्र दिवसातून दोनदा आहे.

चढावर काय होतं ते बघा. तुम्ही ६८ किलो, सायकल १३ किलोच्या आसपास, पाठीवरची बॅग ४ किलो, मिळून ८५ किलो. चढ १०० मीटरला ५ मीटर धरू, क्रँक (पायडलचा दांडा) १७० मिलिमीटरची धरू आणि टायरचं रस्त्याशी होणारं घर्षणही थोडं मिळवू. तर ४६-१६ वर पायडलवर सरासरी साडेअठ्ठावीस किलोचा दाब सतत द्यावा लागतो. हा सरासरी आकडा झाला. पायडल वर आणि खाली असताना पायाचा जोर फारसा लागत नाही. तो सगळा लागतो पायडल पुढे आडवं असताना, आणि तिथे तो दीडपटीहून थोडा जास्त, म्हणजे ४५ किलोपर्यंत जातो. चढ १०० ला ८ झाला की हाच आकडा ६८ किलो होतो. तुमचं स्वतःचं वजनही तेवढंच आहे. म्हणजे अख्खं शरीर पायडलवर उभं केल्याशिवाय ते खाली जाणार नाही. तुम्ही उभे राहता ते ताकद कमी आहे म्हणून नाही. त्या दात्यांवर बसून चढणं तुमच्या वजनाच्या माणसाला शक्यच नाही.

आता मागे १६ च्या जागी २० दात्यांचं फ्रीव्हील घाला. एका फेऱ्यात जवळजवळ ५ मीटर. त्याच ८ च्या चढावर जास्तीत जास्त दाब ५४ किलोवर येतो, ५ च्या चढावर ३६ वर. बसून चढता येईल. सपाटीला ८० फेऱ्यांत ताशी २४ किलोमीटर मिळतात, पाय जरा चपळ फिरवले तर २६-२७. ऑफिसला पोचायला याहून जास्त लागत नाही. उतारावर तर पाय थांबवून नुसतं बसायचं असतं, तिथे जड गिअरचा उपयोग काय!

मधला पर्याय १८ चा आहे, ५.५ मीटरचा. वाटेत एखादा उड्डाणपूल असता तर मी तोच सांगितला असता. पण सकाळ-संध्याकाळ घाटासारखा चढ असलेल्या माणसाला मी २० च सांगतो. गिअर निवडायचा तो वाटेवरच्या सगळ्यात वाईट २०० मीटरांसाठी, तेही दमलेल्या पायांनी. उरलेली वाट कशीही निभते.

विश्वास बसत नसेल तर आधी करून बघा. मित्राची गिअरची सायकल आठवडाभर मागून घ्या. पुढे ४२ आणि मागे १८ दाते, किंवा ३२ आणि १४, असं जे जमेल ते लावा. दोन्ही तुमच्या ४६-२० च्या अगदी जवळ आहेत. मग आठ दिवस गिअरच्या खटक्याला हात लावायचा नाही. चाकं तुमच्याइतकीच मोठी असतील तर हा अनुभव तुमच्या सायकलीवर जसाच्या तसा येईल.

कारागिराकडे जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. मागे चार दाते वाढले की चेन तेवढी अपुरी पडते आणि मागचा अ‍ॅक्सल सुमारे अर्धा इंच पुढे सरकवावा लागतो. फ्रेमच्या खाचेत तेवढी जागा असेल तर चेन तीच चालते, नसेल तर एक इंच चेन वाढवावी लागते. चाक सरकलं की मागच्या ब्रेकचे गुटके रिमवर नीट बसतात का ते पाहून पुन्हा लावायचे. हे न करता सायकल हातात देणारे कारागीर आहेत, म्हणून तुम्ही स्वतः बघा. गुटका टायरला घासत राहिला तर टायर फाटतो.

आणि गुडघा. दाते बदलण्याआधी सीटची उंची तपासा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पायडल मारताना गुडघ्यात थोडा वाक राहतो. आपल्याकडे बरेच लोक सीट खाली ठेवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. खाली सीट आणि जड गिअर एकत्र आले की सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येतो. दोन्ही बदलूनही दोन-तीन आठवड्यांत कुरकुर थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मुंबईत दादरहून वांद्र्याला सायकलने जातो. २६ इंची चाकं, १.९५ चे टायर, पुढे ४४, मागे १८. सगळा रस्ता सपाट. पाय नुसते फिरत राहतात आणि सायकल पळत नाही. मागे १४ लावू का?

उत्तर : १४ नको, १६ लावा. आत्ता तुमची सायकल एका फेऱ्यात ५ मीटर जाते, १६ वर ५.६ जाईल. १४ वर ती ६.४ वर जाईल, आणि मग प्रत्येक सिग्नलला तुम्हाला ते जाणवेल. मुंबईत चढ नाहीत हे खरं, पण तिथे सिग्नल हाच चढ आहे. दर वेळी थांबलेली सायकल शून्यापासून ओढायची, तीही मागून बस हॉर्न वाजवत असताना. पहिले चार फेरे झटकन सुटणं तुमच्या सुरक्षिततेचंही आहे. शिवाय १४ दात्यांची फ्रीव्हीलं बहुतेक वेगळ्या, लहान आट्यांची येतात आणि नेहमीच्या हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) बसत नाहीत. १६ पासून वरची सरळ बसतात.

बदल करण्याआधी मात्र महिनाभर पाय गोल फिरवायचा सराव करा. नुसतं खाली दाबायचं नाही, खाली गेलेला पाय मागे ओढल्यासारखा फिरवायचा. मिनिटाला ८५-९० फेरे सहज पडू लागले की याच १८ वर ताशी २६-२७ किलोमीटर होतील आणि कदाचित खर्चच करावासा वाटणार नाही.

प्रश्न : काका, मी साताऱ्याला कॉलेजात आहे. आजोबांची काळी २८ इंची सायकल घरात पडून होती, ती मी दुरुस्त करून घेतली. पुढे ४८ दाते आणि मागे १८ आहेत. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे येताना उतरून ढकलावीच लागते. मैत्रिणी म्हणतात विकून गिअरवाली घे. मला विकायची नाही.

उत्तर : विकू नकोस. तुझं पत्र मी दुकानातल्या मुलांना वाचून दाखवलं.

आजोबांच्या सायकलीचं चाक आजच्या चाकांपेक्षा मोठं आहे, परीघ २.२२ मीटर. ४८-१८ वर ती एका फेऱ्यात ५.९ मीटर जाते. वर फ्रेम, रिम, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड सगळं लोखंडी. सपाट रस्त्यावर ती एकदा वेगात आली की थांबत नाही, त्या काळच्या लोकांनी तिच्यावरून गव्हाची पोती वाहिली. पण सपाटीवर. साताऱ्यासारख्या डोंगराच्या कुशीतल्या गावात तिला हलके दाते हवेत.

तुला मी २२ चं फ्रीव्हील सुचवतो. ४८-२२ म्हणजे ४.८५ मीटर, आत्तापेक्षा चढावर जवळजवळ अठरा टक्के कमी जोर. २० चंही मिळेल, ५.३ मीटरचं, पण राजवाड्याच्या चढाला ते अर्धवट पडेल असं मला वाटतं. दुकानात २२ नसेल तर मागवून घ्यायला सांग. एखादा कारागीर म्हणेल की पुढचं चेनव्हील लहान बसवू. ऐकू नकोस. या सायकलींत उजवी क्रँक आणि चेनव्हील एकत्रच येतात. ते बदलायचं तर क्रँक जखडून धरणारी कॉटर पिन ठोकून काढायची, नवी पिन कानशीने घासून बसवायची, आणि ती नीट बसली नाही की पायडल मारताना दर फेऱ्याला खटका येतो. मागचं बदलणं सोपं, स्वस्त आणि परत फिरवता येण्याजोगं आहे.

आता अवघड भाग. इतकी वर्षं बसलेलं फ्रीव्हील निघायला त्रास देतं, कारण पायडल मारताना ते दर वेळी स्वतःला आणखी घट्ट करत जातं. आदल्या रात्री आट्यांत गंज सोडवणारं तेल सोडायचं. फ्रीव्हीलला दोन खाचा असतील; त्यात बसणारी चावी घालून वरून अ‍ॅक्सलचा नट हलका लावायचा, म्हणजे चावी सटकून खाचा तुटणार नाहीत. मग चावी बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडून चाकच उलट्या दिशेने फिरवायचं, दोन हातांनी, रिमला धरून. हिसका बसला की सुटतं. सुटल्यावर नट लगेच ढिला करायला विसरायचं नाही. छिन्नी-हातोडीने काढतो म्हणणाऱ्याकडे चाक देऊ नकोस, हब जुना आणि चांगला असतो, त्याच्या आट्या गेल्या की तसा हब पुन्हा मिळत नाही.

नवं फ्रीव्हील चढवण्याआधी आट्यांना ग्रीस लाव. चाक अर्धा इंच पुढे येईल, किंवा चेन एक इंच वाढवावी लागेल. चेनकव्हर पूर्ण झाकणारं असेल तर आतून चेन घासते का ते चाक फिरवून ऐक. तुझ्या सायकलीला दांड्यांचे ब्रेक असणार. त्यांचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला खालून वर दाबले जातात, त्यामुळे चाक पुढे सरकलं की मागचे गुटके रिमशी वाकडे येतात. दांडीचे नट ढिले करून ते पुन्हा समोरासमोर आणायचे. हे झाल्याशिवाय उतारावर जायचं नाही, हे मी फार गांभीर्याने सांगतो आहे. राजवाड्यावरून खाली येताना त्या जड सायकलीला थांबवणं हे चढवण्याहून अवघड आहे.

आजोबांचं १८ चं फ्रीव्हील रॉकेलने धुऊन, तेल घालून, कागदात गुंडाळून ठेव. उद्या सपाट गावात नोकरी लागली तर तेच परत चढवता येईल.

प्रश्न : मी तीन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आहे. इथे सगळ्यांसारखी मीही साधी, मागे पायडल मारून ब्रेक लागणारी सायकल घेतली. पुढे ३८, मागे १६. चढ कुठेच नाही, पण समोरून वारा असला की घरी पोचेपर्यंत मांड्या भरून येतात. दाते बदलून काही होईल का? पुण्याला होते तेव्हा तुमच्याच दुकानात सायकल दुरुस्त करून घ्यायचे!

उत्तर : ताई, पत्र वाचून फार बरं वाटलं. होईल, नक्की होईल. तुमच्याकडचा चढ आडवा येतो एवढाच फरक. तुम्ही ताशी १५ ने चाललात आणि समोरून ताशी २५ चा वारा असला, की हवेच्या हिशेबी तुम्ही ४० ने चालला आहात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो बिनवाऱ्याच्या दिवसाच्या सातपट होतो. आणि आपल्या चढासारखा तो दोनशे मीटरांत संपत नाही, घरापर्यंत सोबत येतो.

३८-१६ तुमच्या चाकावर ५.२ मीटरच्या आसपास जातं. १९ लावलं तर साडेचारच्या थोडं खाली येईल. पाठीमागून वारा असेल त्या दिवशी पाय भरभर फिरतील, ते सोसा. वारा आठवड्यातून एखाद्याच दिवशी त्रास देत असेल तर १८ पुरे.

गंमत म्हणजे तुमचं काम साताऱ्याच्या मुलीपेक्षा सोपं आहे. पायडलने ब्रेक लागणाऱ्या हबवर मागचं दातेरी चक्र आट्यांवर नसतं. ते तीन खाचांत बसतं आणि वरून एक तारेची गोल क्लिप असते. पेचकसाने क्लिप उचलली की चक्र हातात येतं. वेळ जाईल तो चेन झाकणारं कव्हर उघडण्यात. ही चक्रं थोडी बशीसारखी असतात. जुनं ज्या बाजूने बसलं होतं त्याच बाजूने नवं बसवा, नाहीतर चेन तिरपी चालेल. चाक काढताना ब्रेकचा जो पट्टीसारखा हात फ्रेमला डाव्या बाजूला जखडलेला असतो तो सोडवावा लागतो. तो परत घट्ट लावला आहे ना, हे दोनदा तपासा. तो सुटा राहिला तर ब्रेक लावल्याबरोबर फिरून आऱ्यांत जाऊ शकतो. मागे जास्त दाते आल्यामुळे उलट्या पायडलचा ब्रेकही आधीपेक्षा जोरात लागेल, पहिले दोन-चार दिवस पाय हलका ठेवा, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

प्रश्न : माझ्या सायकलीला दोन्ही बाजूंनी आट्या असलेला हब आहे. एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्स, म्हणजे चाकाबरोबर पायडलही सतत फिरवणारं चक्र. आठवडाभर डेक्कन ते नगर रोड जातो आणि रविवारी मित्रांबरोबर सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत. फिक्स कधी वापरत नाही. या बाजूचा काही उपयोग करता येईल?

उत्तर : उत्तम उपयोग करता येईल. फिक्सच्या बाजूवरही नेहमीचं फ्रीव्हील चढतं. एका बाजूला रोजचं १७ किंवा १८, दुसऱ्या बाजूला रविवारचं २० लावा. शनिवारी रात्री चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. दोन्हींत दोन-तीनच दात्यांचा फरक ठेवा, म्हणजे चेन तीच राहते आणि अ‍ॅक्सल सहा ते दहा मिलिमीटरच सरकतो. फार फरक ठेवलात तर दर रविवारी चेन जोडत बसावं लागेल.

ही युक्ती फार जुनी आहे. १९०३ मध्ये टूर द फ्रान्स सुरू झाली तेव्हा स्पर्धकांकडे गिअर बदलायची आजच्यासारखी यंत्रणा नव्हती. पुढच्या काळात मागच्या चाकाला दोन बाजूंना वेगवेगळे दाते लावत आणि डोंगराच्या पायथ्याशी उतरून चाक उलटं करत. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेला त्या शर्यतीत १९३७ साली परवानगी मिळाली. तोपर्यंत आल्प्सचे घाट लोकांनी असेच चढले.

प्रश्न : मी फिक्स चालवतो, ४८-१६. मागचा टायर एकाच जागी झिजून गेला, बाकी नवाकोरा. टायर खराब निघाला का?

उत्तर : टायर बरा असणार, दाते बघा. ४८ भागिले १६ म्हणजे बरोबर ३. पायडलच्या एका फेऱ्यात चाक बरोबर तीनदा फिरतं, म्हणून पाय ठरावीक जागी असला की टायरचाही तोच भाग रस्त्याला टेकलेला असतो. तुम्ही पाय आवळून चाक घसटवता तेव्हा दर वेळी तीच जागा झिजते. मागे १७ लावा. ४८ आणि १७ ला समान भाजक नाही, त्यामुळे झीज सतरा जागी वाटली जाईल. गिअर किंचित हलका होईल तो फायदाच. ज्यांच्याकडे फ्रीव्हील आहे त्यांनाही विषम दाते बरे, चेनव्हील आणि चेन एकसारखी झिजतात.

पण तुमच्या पत्रात पुढच्या ब्रेकचा उल्लेख नाही. नसेल तर टायरआधी तो लावा. चेन उतरली किंवा तुटली की फिक्सला थांबवायला तुमच्याकडे काहीच उरत नाही. शहरात अशी सायकल चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : नागपूरला राहतो. जुन्या गिअरच्या सायकलीची मागची यंत्रणा मोडली. ती काढून सायकल बिनगिअरची करायची आहे. २६ इंची चाक आहे. दाते किती ठेवू?

उत्तर : नागपूरच्या सपाटीला ४२-१६ ठेवा, साधारण ५.४ मीटर. पण त्याआधी मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल ज्या खाचेत बसतो ती खाच बघा. ती आडवी किंवा तिरकी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते आणि काम सरळ आहे. खाच उभी असेल तर चाक मागे ओढताच येत नाही, मग चेन ताणून धरणारी छोटी चकती वेगळी लावावी लागते. जुन्या गिअरमधल्याच एका चक्रावर चेन ठेवून भागवू नका. त्या चक्रांचे दाते चेन सहज सुटावी म्हणून आखूड आणि तिरके केलेले असतात, त्यामुळे खड्ड्यात चेन उतरणार. एकेरी फ्रीव्हील घ्या, आणि ते पुढच्या चेनव्हीलच्या बरोबर रेषेत येतं का ते मागून डोळ्याने बघून घ्या. चेनच्या रुंदीचंही ध्यान ठेवा. रुंद चेन अरुंद दात्यांवर चालते, अरुंद चेन रुंद दात्यांवर बसत नाही.

प्रश्न : फ्रीव्हील बदलून आणलं आणि तिसऱ्याच दिवशी भर चौकात चेन उतरली. कारागीर म्हणतो नवीन आहे, बसेल हळूहळू. खरं का?

उत्तर : नाही. चेन ढिली राहिली आहे. पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या बरोबर मध्ये चेन बोटाने वर-खाली करा, मिळून साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. पायडल सावकाश पूर्ण फिरवत चार ठिकाणी बघा, कारण चेनव्हील थोडं जरी वाकडं असलं तरी एका जागी चेन ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते. सगळ्यात ताठ जागेवर ते अर्धा इंच धरा. मग चाक दोन्ही बाजूंनी फ्रेमच्या मधोमध आहे ना ते बघून आधी उजवा नट, नंतर डावा, लांब दांड्याच्या पान्याने आवळा.